एक फूट पाणी

उजेड सगळ्यात आधी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर आला. काळ्या प्लॅस्टिकवर त्याला करण्यासारखं फारसं नव्हतं. टाकीची एक बाजू किंचित करडी करून तो तिथेच रेंगाळला. मग कठड्यावरून उतरला, दोरीवर विसरलेल्या दोन टॉवेलांच्या कडा त्याने चाचपून पाहिल्या, आणि मागच्या भिंतीवरून, कुठेही वेळेवर पोहोचायचं नसलेल्या माणसासारखा, एकेक वीट उतरत अंगणात आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची एक तिरकी पट्टी ओट्यावर पडली. तिथे उपडा घातलेला कप होता, कालचा अर्धा पाव होता, चष्म्याचं उघडं घर होतं. पट्टीने कशालाच वेगळा मान दिला नाही. वस्तू जशा होत्या तशा दिसू लागल्या, इतकंच. पुढे ती फरशीवरून सरकत जेवणाच्या टेबलापाशी गेली आणि तिथे टेकवून ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या काठीवर थोडा वेळ अडकून राहिली. अंगणातल्या पोहण्याच्या तलावाला उजेड पोहोचला तो सगळ्यात शेवटी. तोवर पाणी काळसर, झाकून ठेवल्यासारखं होतं. आधी त्याचा वरचा पापुद्रा तेवढा उजळला, खालचं पाणी तसंच निजलेलं राहिलं, आणि बऱ्याच वेळाने तळाची निळी फरशी चौकोना-चौकोनाने वर येऊ लागली. कुणी ती आत्ता, या क्षणी, खाली बसून लावत असावं अशी.

अशा उजेडात घरातलं काहीही बदलू नये असं वाटतं.

मोजणीदार तलावाच्या काठावर उकिडवे बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजून दिल्या होत्या, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशातली घडीची पट्टी काही निवृत्त झाली नव्हती. त्यांनी ती उघडली, एक टोक काठाला लावलं आणि दुसरं पाण्याला टेकवलं.

"साडेचार," ते म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

तलाव बांधला त्या वर्षापासून पाणी काठापासून साडेचार इंच खाली होतं. याच पातळीवर त्यांच्या बायकोने अर्ध्या वस्तीला पोहायला शिकवलं. वस्ती तिला अजून 'बाई'च म्हणत होती. डोक्यावर टक्कल पडलेले पुरुषही फाटकापाशी आले की 'बाई आहेत का?' असं विचारताना पोट आत घेत. गेल्या हिवाळ्यात बाई पायऱ्यांवरून पडल्या आणि खुब्याचा सांधा बदलावा लागला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने स्पष्ट सांगून ठेवलं होतं: रोज पाण्यात चाला, कमरेइतक्या पाण्यात, भिंतीला धरून. नाहीतर सांधा आखडेल आणि काठी जन्माची हातात राहील. पण तलावाच्या उथळ टोकालाही पाणी चार फूट होतं आणि बाईंची उंची पाच फुटांना इंचभर कमी. म्हणून आज, रविवारी, सगळ्यांनी जमून एक फूट पाणी काढायचं ठरलं होतं.

मोजणीदारांना ते मान्य नव्हतं. त्यांनी तसं कुणाला सांगितलं नव्हतं.

*

"धर गं इंजिनिअर, दमानं," मोजणीदारांच्या धाकट्या भावाने, काकांनी, गाडीच्या मागच्या सीटवरून पंप उचलून सुनेच्या हातात दिला. "रोपवाटिकेतून उसना आणलाय. तिथला मालक म्हणाला, संध्याकाळी वेळेवर परत करा. मी म्हटलं, बाबा रे, तीस वर्षं बस चालवली मी. वेळेवर या शब्दाचा आणि माझा काही संबंध?"

"लोकांना तीस वर्षं ताटकळत ठेवलंत, आणि वर हे अभिमानाने सांगता?" थोरली म्हणाली. मोजणीदारांची ही मुलगी दातांची डॉक्टर होती आणि सुट्टीच्या दिवशीही समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच बोलायची.

"माझ्या बसमध्ये लोक निदान तोंड मिटून ताटकळायचे. तुझ्याकडे उघडं ठेवून!"

सून हसली आणि पंप घेऊन मागे गेली. तिचा नवरा, या घरातला धाकटा, बोटीवर होता आणि पुढच्या महिन्याशिवाय येणार नव्हता. पण आजचं काम त्याचं नव्हतंच. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर ती पंपांची देखरेख करत असे. लग्नाच्या पहिल्या वर्षी या घरात तिला कुठे बसावं तेही कळत नव्हतं. सासऱ्यांनी तिला तलावाच्या पंपाची खोली दाखवली तेव्हा पहिल्यांदा बसायला जागा सापडल्यासारखं वाटलं होतं. तेव्हापासून ती आणि सासरे एका बाजूला असत. तक्रारी, सिनेमे, चहातली साखर, सगळ्या बाबतीत. आज मात्र ते सकाळपासून तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

"आधी फिल्टरचं बटण बंद," ती म्हणाली. "हे चौकोनी तोंड दिसतंय ना काठाला? फिल्टर इथून पाणी ओढतो. पाणी याच्या खाली गेलं की तो हवा ओढेल, कोरडा चालेल आणि जळेल. दुसरं, वीज. वायर वरून येईल, ओल्या फरशीवरून नाही. आणि पंप चालू असताना कुणीही पाण्यात हात घालायचा नाही. काका, विशेषतः तुम्ही."

"मी काय केलं?"

"अजून काही नाही. म्हणून आत्ताच सांगते."

नळी तिने घराच्या पायापासून आणि शेजारच्या भिंतीपासून लांब, उताराच्या बाजूच्या झाडांपर्यंत नेली. पाच दिवसांपासून पाण्यात क्लोरीनचं औषध टाकायचं तिने बंद करवलं होतं. तरी तपासणीची कागदी पट्टी बुडवून पाहिली. रंग चढला नाही. झाडांना भीती नव्हती.

"एवढं सगळं करतोच आहोत, तर पूर्णच रिकामा करू या ना," थोरली म्हणाली. "एकदा चकाचक घासून टाकू. कीड दिसली की मी अर्धी ठेवत नाही."

"ताई, आठ दिवस सलग पाऊस झालाय. जमिनीत पाणी भरलं असेल तर ते तलावाला खालून ढकलत असतं. आतलं पाणी त्याला दाबून धरतं. तेच काढून घेतलं तर हा अख्खा तलाव नावेसारखा वर उचलला जाईल, तडकेल. एक फूट काढायचं. त्याच्या खाली एक बोटसुद्धा नाही."

"एक फूट तरी कशाला?" मोजणीदार म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ते पट्टीची घडी उघडत होते, मिटत होते.

"सहा इंच पुरे. सहा इंचांत ती आरामात उभी राहील."

"छातीपर्यंत पाण्यात उभी राहील," सून म्हणाली. "कमरेपर्यंत हवंय, बाबा."

"बरं, आठ."

"बाबा, आपण भाजी घेतोय का?" थोरली म्हणाली.

"दादा म्हणतोय तर घ्या आठ," काका म्हणाले. "त्याचं मोजमाप कधी चुकलंय?"

"काका! गाडीतून उतरताना तुम्ही माझ्या बाजूने होतात," थोरली म्हणाली.

"तेव्हा तू चहा विचारलास."

"आणि आता?"

"आता विचारून तास झाला. चहा कुठाय?"

व्हरांड्यातून बाईंचा आवाज आला. "एक फूट म्हणजे एक फूट. आणि भाऊजींना चहा द्या कुणीतरी, नाहीतर हे तिसरीकडे जातील."

विषय मिटला. सुनेने काठालगतच्या फरशीवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पंप सुरू केला. मग नळीच्या टोकाशी वीस लिटरची बादली धरून घड्याळ पाहिलं. अर्ध्या मिनिटात भरली. तिने मनात भागाकार केला. तासाला अडीच इंच. एकच्या सुमारास एक फूट.

"जेवणाआधी काम संपेल," ती म्हणाली.

सासऱ्यांनी पट्टी खिशात टाकली.

*

सव्वादहाला पाणी चिकटपट्टीच्या इंचभर खाली होतं. दहाला तेवढंच होतं, आणि साडेनऊलाही.

थोरली खुर्ची ओढून काठावर बसली होती, पण तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतं, वडिलांकडे होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते ती रोज दवाखान्यात पाहत असे. 'दात घासता ना रात्री?' असं विचारलं की लोक छताकडे पाहून 'हो हो' म्हणतात, तेव्हाचा चेहरा. लहानपणी तिला वाटायचं, बाबांना खोटं बोलता येत नाही. मोठी झाल्यावर कळलं होतं की येतं, फक्त जमत नाही. आईच्या आजारपणात ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, 'काही नाही, दोन महिन्यांत पोहेल.' ते ऐकून थोरलीला आधी बरं वाटायचं. अलीकडे राग यायचा, आणि राग आल्याबद्दल लाजही वाटायची.

"असं कसं?" सून तिसऱ्यांदा नळीच्या टोकाशी जाऊन आली. "पंप तर जोरात फेकतोय. पाच इंच जायला हवं होतं. इतकं पाणी बाहेर जातंय म्हणजे जवळजवळ तितकंच आत येतंय."

"जमिनीतलं येतंय," मोजणीदार म्हणाले. "तूच म्हणालीस ना सकाळी? पावसाचं पाणी. आत शिरतंय. पंप बंद करा."

सुनेच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग काढला. पंपाची घरघर थांबली आणि अंगण एकाएकी मोठं वाटू लागलं.

"तडा असेल का?" काकांनी हळूच विचारलं.

"असेल तर पाणी आणखी कमी करणं धोक्याचं आहे," सून म्हणाली. "आजच नाही, कधीच नाही करता येणार. आधी बघायला हवं." ती खोल टोकाकडे निघाली. तिथे काठापासून दोन हातांवर वर झाकण आणि अंगाला भोकं असलेली एक नळी जमिनीत उभी पुरलेली होती. तलाव बांधताना मोजणीदारांनीच ती हौसेने बसवून घेतली होती, जमिनीतलं पाणी किती वर आलं आहे ते पाहता यावं म्हणून. सुनेने झाकण काढलं, दोरीला एक जड नट बांधून आत सोडला, तळाशी टेकल्यावर वर ओढला आणि दोरी कुठून ओली झाली ते पाहिलं.

"बाबा, पट्टी."

त्यांनी पट्टी दिली. नेहमी ते स्वतः मोजत.

"सव्वापाच फूट खाली आहे पाणी." सुनेने दोरी पुन्हा लावून पाहिली. "तलावातल्या पाण्याच्या कितीतरी खाली. ते वर चढून आत कसं येईल?"

"मग काय, हा पंप इकडून घेतो आणि तिकडून परत टाकतो?" काका म्हणाले. "आमच्या डेपोत असा एक मेकॅनिक होता."

कुणी हसलं नाही. काका स्वतःच थोडे हसले आणि चहाचा रिकामा कप ठेवायला व्हरांड्याकडे गेले.

*

बाई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. त्यांना सगळं ऐकू येत होतं. सगळ्यांना जे ऐकू येत होतं ते, आणि त्याखालचंही एक.

खोल टोकाच्या कोपऱ्यात, मोठ्या कुंडीमागे, एक लोखंडी झाकण होतं. त्याखाली एक तरंगता गोळा होता, गच्चीवरच्या टाकीत असतो तसा. पाणी जरा उतरलं की गोळा खाली येई, नळ आपोआप उघडे आणि पाणी पुन्हा साडेचार इंचांवर नेऊन ठेवी. धाकटा जन्मला त्या वर्षी मोजणीदारांनी तो बसवला होता आणि नंतर इतर कुणी ते झाकण उचललंच नव्हतं. सुनेला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. थोरलीला पाण्यातलं फक्त पोहणं माहीत. पण बाई तीस वर्षं त्या पाण्यात उभ्या होत्या. भरणाऱ्या पाण्याची ती बारीक शीळ त्यांना पंप सुरू झाल्यावर अर्ध्या तासातच ऐकू आली होती.

त्या बोलल्या नव्हत्या. नवऱ्याला सांभाळून घ्यावं म्हणून नव्हे. तसं असतं तर त्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं असतं. शीळ ऐकू आली तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. पाणी उतरलं नाही तर आज उतरावं लागणार नाही. पुढचा रविवार पुढच्या रविवारी.

तीन महिन्यांपूर्वी त्या एकदा पाण्यात उतरल्या होत्या, फक्त मोजणीदार आणि त्या. तिसऱ्या पायरीवर नवा पाय, अजून आपला न झालेला, निसटला आणि पाणी डोक्यावर मिटलं. दोन सेकंद, फार तर तीन. त्या दोन-तीन सेकंदांत बाईंना वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं झालं होतं. मोजणीदारांनी हाताला धरून वर काढलं आणि म्हणाले, "वा! पहिल्याच दिवशी बुडी!" ते हसले. त्याही हसल्या. तेव्हापासून घरात ती गोष्ट बुडी म्हणूनच सांगितली जात होती.

"काय वहिनी," काकांनी कप ठेवला, "आज मारताय ना उडी?"

"आधी तुम्ही मारा भाऊजी. तलाव लगेच रिकामा होईल, पंपाची कटकट नको."

"एवढा काही जाड नाही हां मी." काका खुर्चीशेजारच्या पायरीवर बसले. "मला शिकवलंत ते आठवतंय? चाळिशी उलटलेला माणूस, काठाला पालीसारखा चिकटलेला. पोरं हसत होती. तुम्ही त्यांना काय दटावलंत! म्हणालात, हसायचं नाही. पोहता न येण्यात लाज नाही."

"घाबरण्यात लाज नाही, असं म्हणाले होते मी," बाई म्हणाल्या.

"तेच ते."

बाई अंगणाकडे बघत राहिल्या. तिथे सून कमरेवर हात ठेवून उभी होती आणि ज्या माणसाने तिला पंपाची खोली दाखवली होती तो माणूस तिच्याकडे पाठ करून कुंडीतली वाळकी पानं वेचत होता.

*

पाण्याच्या केंद्रावर एक साधी रीत होती: पाणी कुठे जातंय ते कळेना, तर आधी ते येतं तिथे जाऊन उभं राहायचं. सून फाटकापाशी गेली आणि मीटरच्या पेटीचं झाकण उघडलं. घरातले सगळे नळ बंद होते. मीटरमधलं छोटं लाल चक्र भरधाव फिरत होतं.

ती जमिनीतल्या पाइपाच्या अंदाजाने भिंतीकडेने चालत आली आणि कुंडीपाशी थांबली.

"बाबा."

"हं."

"मीटर फिरतोय."

मोजणीदारांच्या मुठीत वाळकी पानं होती. ती कुठे टाकावीत हे त्यांना सुचेना.

"तुम्ही म्हणालात, जमिनीतलं पाणी आत येतंय," सून हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, तलाव गेला. वाटलं, माझ्या सांगण्यावरून गेला. मी खरंच घाबरले हो. दुसरं काहीही सांगायचं होतंत. पंप बिघडला म्हणायचं होतंत."

"पंप उसना आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर आळ कसा घेणार?"

हे ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले की सुनेला हसू आवरेना. हसताना डोळे भरून आले तेही तिने आवरले नाहीत. नेमकी तेव्हाच थोरली तिथे आली.

"काय झालं? काय सापडलं?" तिने कुंडीमागच्या झाकणाकडे पाहिलं, मीटरच्या उघड्या पेटीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "बाबा! तुम्ही भरताय? आम्ही सकाळपासून उपसतोय आणि तुम्ही मागून भरताय?"

"मी नाही. आपोआप भरतं ते."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं!"

"ती महिन्याभरात पोहायला लागेल," मोजणीदारांचा आवाज चढला. तो चढला की चिरकत असे, म्हणून ते फारसा चढवत नसत. "पूर्ण पाण्यात. पूर्वीसारखी. आणि तुम्ही तिच्यासाठी डबकं करायला निघालात! कमरेइतकं पाणी! तिला? या तलावाच्या तळाशी बसून ती आमच्याकडे बघून हात हलवायची, आणि तुम्ही तिला भिंतीला धरून चालवणार?"

"हो, चालवणार! पोहायला लागली की परत भरू. पाणीच आहे ते, बाबा, वाळूवर काढलेली रेघ नाही, पुसली म्हणजे गेली!"

"ताई, राहू दे," सून म्हणाली.

"राहू दे काय? तू सकाळपासून बादल्या मोजतेस!"

"मोजते ना. मोजणाऱ्याचं दुःख मोजणाऱ्याला कळतं. राहू दे तू." सून सासऱ्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आपसूक, जुन्या सवयीने. थोरलीने दोघांकडे पाहिलं आणि हवेत हात उडवले.

"धन्य आहे. काका, ऐकलंत? पुन्हा हे दोघे एका बाजूला!"

"मग मी तुझ्या बाजूला येतो," काका पायरीवरूनच ओरडले. "तिकडे खुर्ची आहे का?"

मोजणीदारांनी पानं खिशात टाकली, त्याच खिशात पट्टीशेजारी. मग गुडघ्यांवर बसले, लोखंडी झाकण दोन्ही हातांनी सरकवलं आणि आत हात घालून नळ बंद केला. चार फेरे. शीळ थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही, पण व्हरांड्यातल्या खुर्चीत कुणीतरी हललेलं त्यांना कळलं.

"लाव पंप," ते सुनेला म्हणाले.

*

या वेळी पाणी उतरलं. जेवणं झाली, काका खुर्चीत झोपले आणि आपण झोपलोच नव्हतो असं सांगत दोनदा जागे झाले. थोरलीने आणि सुनेने मिळून भांडी घासता घासता कसली तरी गोष्ट काढली आणि दोघी ओट्याला धरून हसल्या. मोजणीदार काठावरून हलले नाहीत. पंप चालू असताना कुणीतरी पाण्यापाशी असावं, असं सुनेने सांगितलं होतं, आणि आज जे सांगेल ते ऐकायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

पाण्याखालून फरशीची एक पट्टी बाहेर येत होती. कधीच उघडी न पडलेली ती फरशी इतकी निळी होती की तिच्यापुढे वरची जुनी वाटू लागली. मधे एका चौकोनावर गवंड्याच्या अंगठ्याचा ठसा होता. तीस वर्षं तो इथे होता आणि त्यांनी तो पाहिला नव्हता. आपण सगळं मोजलं आणि फार थोडं पाहिलं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी तो पाण्याकडे बघत जाऊ दिला.

तीन वाजून गेल्यावर सुनेने चिकटपट्टीपासून खाली मोजलं. "बारा. बंद." तिने प्लग काढला, मग पंप वर ओढला, वायर गुंडाळली, फिल्टरच्या बटणावर 'चालू करू नये' असा कागद चिकटवला. "आता उतरायला हरकत नाही."

बाई आल्या. जुना पोहण्याचा पोशाख, त्यावर नवऱ्याचा एक सदरा. काठी त्यांनी काकांच्या हातात दिली आणि उजव्या हाताने दांडा धरला. डावा हात मोजणीदारांनी धरला.

पाण्यातली पहिली पायरी. पाणी घोट्यांवर आलं.

दुसरी. पाणी गुडघ्यांखाली.

मग त्या थांबल्या.

"गार आहे का?" मोजणीदारांनी विचारलं.

"नाही."

"पायरी निसरडी वाटते? मी सकाळीच घासून घेतलीय. दोनदा."

"नाही हो. चांगली आहे पायरी."

"दुखतंय?"

"दुखत नाही."

"मग सकाळपासून बसून पाय आखडला असेल. होतं तसं. थोडं थांबू या. उद्या..."

"आखडला नाही," बाई म्हणाल्या.

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. थोरलीने त्यांच्या दंडावर हात ठेवला. दातांच्या डॉक्टरने आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्याचं तोंड मिटवलं असावं. सून नळी गुंडाळत होती, ती तशीच अर्धी हातात धरून राहिली.

मोजणीदारांनी खाली पाहिलं. बायकोच्या पायाची बोटं पायरीच्या कडेला आवळून धरलेली होती, नखं पांढरी होईपर्यंत. खांदे कानांशी आले होते. ती हसत होती, जरा जास्तच. हे सगळं त्यांना अक्षर न अक्षर येत होतं. व्हरांड्यात चहा पीत त्यांनी शेकडो मुलांना याच पायरीवर असंच उभं राहिलेलं पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी कौतुकाने पाहिलं होतं की ती मुलाच्या पुढे पाण्यात जाऊन उभी राहते, हात पुढे करत नाही, ये म्हणत नाही, नुसती तिथे असते.

त्यांनी तिचा हात दांड्यावर ठेवला. चपला काढल्या. मग विजार, शर्ट, खिशातली पट्टी, सगळ्यासकट पायऱ्या उतरून ते पाण्यात गेले आणि तिच्यापासून दोन हातांवर, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"अहो! भिजलात की!"

"वाळेन."

"पुढे ये म्हणू नका हं मला."

"नाही म्हणत."

"बुडी म्हणू नका."

"नाही म्हणणार," ते म्हणाले.

"किती वेळ उभे राहाल असे?"

"मला कुठे जायचंय?"

पाणी जेमतेम त्यांच्या कमरेपर्यंत होतं. बाईंनी एक पाय उचलला, तो पुन्हा त्याच पायरीवर ठेवला, आणि दांड्यावरची मूठ आणखी घट्ट केली. या वेळी त्या हसल्या नाहीत.

तिला पाण्याची भीती वाटत होती.